पुलाची राखण

दिवाळ्याच्या मावशीनं मला जेवायला घातलं, हे आधी सांगतो. पुलाचं मागाहून. पूल तिच्या आजीच्याही आधीपासून तिथंच उभा होता आणि मी तिथं गेलो नसतो तरी तो उभा असताच. पण मी तिथं टिकलो तो तिच्यामुळं. ती माझ्या नात्याची नाही, गावाची नाही. पहिल्या उन्हाळ्यात तर तिच्या बोलण्यातले निम्मे शब्द मला कळायचे नाहीत. दिवाळे गावच्या बंदरावरून ती डोक्यावर पाटी घेऊन बांधाबांधानं यायची, एवढीच तेव्हाची ओळख. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. "नाव कशाला पायजे? हाक मार, येतंय मी," असं ती म्हणते.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढची शाळा तालुक्याला होती आणि घरी सायकल नव्हती, एवढंच त्याचं कारण. मराठवाड्यातलं आमचं गाव काळ्या जमिनीचं, पाण्याविना ताटकळणारं. गावाबाहेर सडकेवर एक पूल होता, पण त्याच्याखाली बाभळी वाढल्या होत्या आणि बाभळींना शेळ्या बांधलेल्या असायच्या. पुलाखालून पाणी जातं हे मी शाळेच्या पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेलं. आणि पुढं काय, तर पुलाचीच नोकरी लागली.

नोकरी लावली दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. खाडीच्या अलीकडं तेव्हा नवं शहर वसत होतं. शहर म्हणायचं आपलं. दिसायचे ते मुरमाचे ढीग, आखलेले रस्ते आणि मधूनच एखादी एकटी इमारत. त्या रस्त्यांवर दाजी रोलर चालवायचे. बेलापूरच्या बाजूला मिठागरांत खाडीचं पाणी आणणारा एक जुना कालवा होता आणि कालव्यावर विटांचा पूल होता. रस्ता आखताना तो पाडायचा ठरला होता म्हणे, पण कुणा जाणकारानं तो पाहिला आणि सरकारनं त्याला संरक्षण दिलं. मग त्याला राखायला माणूस पाहिजे झाला.

"आरं, बसून ऱ्हायाचं काम हाय," दाजी म्हणाले. "पूल काय पळून जातोय व्हय?"

मी पहिल्यांदा तिथं गेलो ते होळी उलटल्यावर, दुपारी. लांबून मला पांढऱ्या राशी दिसल्या आणि छाती भरून आली. वाटलं, खळी लागलीत, ज्वारीच्या राशी पडल्यात. जवळ गेलो तर मीठ. तोंडाला चव आली तीही मिठाचीच. त्या पांढऱ्या पसाऱ्यात पूल तेवढा लाल होता. दोन कमानी, मधे एक जाड खांब, पातळ पातळ विटा, आणि विटांमधल्या चुन्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे. ऊन कललं की ते तुकडे चमकायचे आणि सबंध पूल घामेजल्यासारखा दिसायचा.

पुलाच्या कडेला पत्र्याची खोली मिळाली. शिट्टी मिळाली. पाटी तर आधीच रोवलेली होती: ही वास्तू संरक्षित आहे, नासधूस करणाऱ्यास शिक्षा होईल. पाटी मी मोठ्यानं वाचली, दोनदा. संरक्षित हा शब्द मला फार मोठा वाटला. आमच्या घरात कुणालाच तो कधी लागला नव्हता.

त्याच दिवशी संध्याकाळी एक घोटाळा झाला. मी आलो तेव्हा कालव्याचं पाणी खाडीकडं वाहत होतं. भाकरी भाजून बाहेर येतो तो पाणी उलटं वाहतंय. खाडीकडून आत! मी डोळे चोळले. काडी टाकून पाहिली. काडी मिठागराकडं निघाली. मी धावत सुटलो तो दाजींच्या रोलरपाशी. "दाजी, पानी माघारी फिरलं! कायतरी फुटलं वाटतं!"

दाजींनी रोलर थांबवला, सगळं ऐकून घेतलं आणि मग बाकीच्या कामगारांना हाक मारून मला तेच पुन्हा सांगायला लावलं. भरती-ओहोटी हा शब्द मला भूगोलात पाठ होता, पण ती अशी दाराशी येते हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस ते लोक मला लांबून ओरडून विचारायचे, "काय पाव्हणं, आज पानी कुनीकडं?"

साहेब आठवड्याभरानं आले. पुराणवस्तू बघणारे साहेब. बारीक अंगाचे, हातात कायम छत्री. मडकं घेताना बाई जसं बोटानं वाजवून बघते तसं ते विटा वाजवत पूलभर हिंडले. मग म्हणाले, "हे बघ, यातली एकही वीट आता नवी मिळायची नाही. कुणाला हात लावू देऊ नकोस. पावसाळा जाऊ दे. नीट राखलास तर तुला कायम करा म्हणून मी वर सांगतो. नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल."

एवढंच ते बोलले. पण ते शेवटचं वाक्य पावसाळाभर माझ्या कानात राहिलं. कारण आईनं गावात सांगून टाकलं होतं की पोरगा सरकारी कामाला लागला. ती कुणापुढं मिरवणारी बाई नाही. आयुष्यात पहिल्यांदा मिरवली होती. आता मी पिशवी घेऊन एसटीतून उतरलो तर ती कुणाच्या तोंडाकडं बघणार?

तर मी राखायला लागलो. खाऱ्या हवेनं विटांचे पापुद्रे सुटायचे, रोज सकाळी खाली लाल भुकटी पडलेली असायची. मला धाक वाटायचा, साहेबांनी विचारलं ही वीट झिजली कशी, तर काय सांगू? म्हणून मी ती भुकटी, ते तुकडे, सगळं झाडून गोळा करायचो आणि डालड्याच्या डब्यात भरून ठेवायचो. डबा भरत चालला तसं मला जरा बरं वाटायचं. गेलं ते कुठं गेलं हे निदान दाखवता तरी येईल.

अशाच एका ओहोटीला मावशी आली. बरोबर आणखी तीन-चार बायका. चिखलातून सरळ पुलाच्या खांबाकडं निघाल्या. कमरेला खोचलेले काष्टे, हातात पाट्या आणि वाकड्या टोकाच्या छोट्या कोयत्या.

"कुठं चालला, मावशी?" मी वरून विचारलं.

"कालवां काढाला," पुढची म्हणाली.

मी कठड्यावरून वाकलो. "कालवा? कालवा कसा काढता? सरकारचा कालवा हाय त्यो!"

त्या थांबल्या. एकमेकींकडं पाहिलं. मग जी काही हसू लागल्या की चिखलात तोल सावरेना त्यांना. "आयकला का गो? आपुन कालवा काढतंय म्हनं! घमेल्यानं काढू का सुपानं?" "अगो, घाट्याचा काय चुकला? त्यानं पानीच बघलं नाय कदी."

कालवं म्हणजे शिंपल्यातलं खाणं, खडकाला चिकटून वाढतं, कोयतीनं फोडून आतला गर काढायचा, हे मला तेव्हा कळलं जेव्हा त्या पुढच्या बाईनं खांबाच्या विटेवर टोक टेकवलं आणि टक् केलं. पुलाच्या खांबांना भरतीच्या रेषेपर्यंत राखाडी खरबरीत शिंपले चिकटलेले होते. मी त्यांना पुलाचाच भाग समजत होतो. टक् झालं तसा शिंपला फुटला आणि त्याच्याबरोबर विटेची कपची उडाली.

शिट्टी फुंकायचं राहिलं. मी नुसता ओरडलो, "हात लावू नका! मी राखणदार हाय हितला!"

हसणं एकदम थांबलं. एकीनं तर कोयती खाली घेतली. आणि ती पुढची, तीच मावशी, मान वर करून माझ्याकडं बघत राहिली.

"कोन?" तिनं विचारलं.

"राखणदार."

"राखनदार म्हंजे कोन, ठाव हाय तुना?"

मला वाटलं, ठाऊक नसायला काय झालं? शेत राखतो, गुरं राखतो, तो राखणदार. पण त्यांच्याकडं राखणदार म्हणजे माणूस नव्हे. बांधाला आणि पुलाला राखणारा जो कुणी आहे तो. दिसत नाही. उधाणाच्या दिवशी बांधावरून चालतो, त्याच्या काठीचे घुंगरू वाजतात, आणि बांध फुटत नाही. तिनं हे मला पाण्यात उभं राहून, पोराला सांगावं तसं सांगितलं. आणि शेवटी विचारलं, "त्याच्याजवल घुंगराची काठी हाय. तुजी काठी कुठं?"

"मला शिट्टी दिलीया," मी म्हणालो. "सरकारनं."

पुन्हा हशा. पण मावशी हसली नाही फारशी. पाटीकडं बोट करून म्हणाली, "काय लिवलंय? वाच."

मी वाचलं.

"म्हंजे आमच्या कालवांना बंदी."

"कालवांना न्हाई, मावशी. इटंला हात लावायला."

"कालव काय हवेत लटकतं व्हय रं?"

मी पुन्हा पाटीकडं पाहिलं. तिनं मग विचारलं, "आनि आमी काढली तं?"

"मला घरी पाठवतील."

तिनं एकेक पाहून घेतलं. माझं वय, माझी शिट्टी, मागं पत्र्याच्या दारात वाळत घातलेली एकुलती एक विजार. मग कोयती कमरेला खोचली आणि म्हणाली, "चला गो." त्या सगळ्या खाडीच्या तोंडाकडच्या खडकांवर गेल्या. पुलाच्या कालवांना पुन्हा कुणी हात लावला नाही. मला सुटल्यासारखं झालं. मला काय ठाऊक ते खडक किती लांब आहेत आणि कसे आहेत!

परतताना ती वर आली, तोवर दुपार टळली होती. "जेवलास?" मी हो म्हणालो. तिनं सरळ खोलीत डोकावून माझ्या पातेल्याचं झाकण उचललं. पातेलं घासून पालथं ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. पगार अजून सुरू व्हायचा होता आणि दाजींकडं रोज जायची मला लाज वाटायची. तिनं झाकण परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी फडक्यात तांदळाची भाकरी आणि त्यावर कालवांचं सुकं घेऊन आली. आदल्या दिवशी मी ती कालवं कच्ची पाहिली होती, आणि ती कशासारखी दिसतात हे मी इथं लिहीत नाही. डोळे मिटून पहिला घास घेतला. मग डोळे उघडले, आणि भाकरी संपली तेव्हा फडकंही झाडून पाहिलं.

"कालवा संपला का रं?" ती म्हणाली.

मी पाणी मागितलं. तिनं आपला तांब्याच पुढं केला. आमच्या मुलखात पाण्याआधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकून तांब्या उंच धरून ओंजळीत पाणी ओतायचे. आमच्या घरानं धम्म घेतल्याला वर्षं झाली होती, घरात शेंदूर-नारळ उरला नव्हता, पण तांब्या उंच धरणारे हात तसेच होते. मी तो तांब्या हातात धरून थोडा वेळ बसूनच राहिलो. ती म्हणाली, "बघतंस काय? पानीच हाय. खारा नाय."

त्यानंतरचे दिवस आठवले की मला ते पाण्याखालून पाहिल्यासारखे दिसतात. दुपारी ओहोटी असली की मी कमानीखाली जाऊन बसायचो. तिथं गार असायचं. कालव्यातलं उरलंसुरलं पाणी हलायचं आणि उन्हाची जाळी कमानीच्या पोटावर हलत राहायची. विटा लाल, जाळी सोनेरी, आणि कुठंतरी एखादा थेंब टपकन पडायचा. तिथं बोललं की आपलाच आवाज जरा जाड होऊन परत यायचा. मी आमच्या गाईला हाक मारायचो. कमान पण तिला हाक मारायची. मग वाटायचं, आता शेपटी हलवत ती मिठाच्या राशींमधून येईल. कधी डोळा लागायचा, तेव्हा स्वप्नात आमच्या शेतात भरती आलेली असायची, ज्वारीची कणसं तेवढी पाण्यावर, आणि आई बांधावर उभी राहून ओरडतेय, "आरं, पानी कुनीकडं?" घाबरून जागा झालो की पाणी खरंच पायांशी आलेलं असायचं.

आणि भरतीची एक वेळ अशी यायची, रोज नाही, की पाणी कमानीच्या बरोबर पायाशी येऊन संथ व्हायचं. वरची कमान आणि पाण्यातली कमान मिळून दोन पुरे गोल दिसायचे. त्या गोलांतून पलीकडचं आभाळ, पलीकडचे बगळे. वारा आला की गोल मोडायचे. ते मोडू नयेत म्हणून मी श्वाससुद्धा हळू घ्यायचो. राखण्याचं हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

पावसाळा लागला. मिठागरं बंद झाली, राशी गवतानं शाकारल्या. श्रावणात एक दिवस मावशी बांधावरूनच म्हणाली, "परवा नारली पुनव. राखन द्यायची हाय पुलाला. तुला करंज्या आनंन."

"राखण म्हंजे?"

राखण म्हणजे राखणदाराचं जेवण. पुलाच्या कमानीच्या माथ्यावरच्या विटेला शेंदूर लावायचा, तेल सोडायचं, कठड्यावर नारळ फोडायचा, भात ठेवायचा. त्या विटेवरचे काळपट तांबडे डाग मी रोज बघत होतो. साहेबांनीही पाहिले होते. "हे तेल विटेनं पिऊन टाकलंय, आता निघायचं नाही," ते म्हणाले होते. "यापुढं एक थेंब नको."

आणि त्याच संध्याकाळी दाजी निरोप घेऊन आले. साहेब परवा येणार. पुनवेचं उधाण कमानीत कुठवर चढतं ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दिवाळ्याला गेलो. पहिल्यांदाच. होड्या रंगवून ओळीनं ठेवल्या होत्या, बायका नारळ खवत होत्या. मी मावशीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"आजे-पंज्याची राखन हाय ती," ती म्हणाली. "सोडाला नाय येत. उधानाच्या दिशी राखनदार उपाशी ऱ्हायला नि बांद फुटला तं? सगला गाव मना इचारील."

"मग माझी नोकरी जाईल, मावशी."

तिनं खवणीवरचं खोबरं बोटानं सारखं केलं. मग पुढची वाटी खवायला घेतली. मी परत आलो आणि पिशवी भरून ठेवली. घोंगडी, विजार, पातेलं. शिट्टी मात्र बाहेर ठेवली; ती सरकारची होती.

पुनवेला उघडीप होती. दुपार व्हायला आली तसं पाणी चढायला लागलं. उधाणाचं पाणी आवाज करत नाही, नुसतं फुगतं. बांधावरून बायका आल्या. डोईला फुलं, अंगावर ठेवणीतली लुगडी, हातात नारळ, केळीची पानं, आणि तोंडात गाणं. मी कठड्यापुढं आडवा उभा राहिलो. शिट्टी ओठांत धरली होती, पण फुंकायला छातीत वारा नव्हता.

मावशी सगळ्यांच्या पुढं. ती सरळ कठड्याकडं आली, आणि कठडा सोडून माझ्यासमोर उभी राहिली.

"बस," ती म्हणाली.

"कुठं?"

"खाली बस रं. खोलीच्या दाराशी. हां, तिथं." तिनं पान मांडलं. "तूच बोललास ना, मी राखनदार म्हनून?"

"मावशी, ते मी आपलं..."

"सरकारनं ठेवलाय का नाय तुना?"

"ठेवलाय."

"पगार घेतंस का नाय?"

"घेतो."

"मग जेव."

मागून एक म्हणाली, "आनि खरा राखनदार रागावला तं?" मावशीनं मान वळवली. "त्यानं काय म्हनाचा? त्याचा हातखालचा मानूस हाय. सायबाच्या आदी शिपाई जेवतं, तसा जेवला." बायकांना ते पटलं का मजा वाटली, कोण जाणे, पण त्यांनी पदर सावरून माझ्याभोवती गोल धरला.

तिनं शेंदराचं बोट माझ्या कपाळाकडं आणलं. मी मागं सरलो. "आमच्यात शेंदूर न्हाई लावत, मावशी." आता ती विचारील, का? कोण तुमी? बोट हवेत तसंच थांबलं. तिनं विचारलं नाही. इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या गळ्यातली शिट्टी चिमटीत धरून तिला शेंदूर लावला. "मंग हिला लावतंय. घुंगराच्या जागी हीच वाजतं ना?"

नारळ खोलीबाहेरच्या दगडावर फुटला. पानावर भात पडला, कोळंबीची आमटी, तळलेले बोंबील, करंज्या. मी जेवायला लागलो आणि त्या गात राहिल्या, आणि तेवढ्यात बांधावर छत्री दिसली.

साहेब पाटीपाशी थांबले. पाटी, बायका, पान, पानापुढं मी. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

मी उठू लागलो. मावशीनं खांदा दाबून मला खाली बसवलं. "उठू नको, पान मोडतं," ती मला म्हणाली, आणि मग साहेबांना, "सायब, तुमच्या पुलाला कोनी हात नाय लावला. राखनदाराला जेवाला घातलाय. तुमीच ठेवलाय ना त्याला?"

साहेब वळले. पुलावर गेले. माथ्याच्या विटेपाशी वाकले, बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं. कोरडं. कठड्यावर हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. एका जागी थांबले. "इथला कोपरा गेलाय."

मी उष्ट्या हातानंच खोलीत गेलो आणि डालड्याचा डबा आणून त्यांच्यापुढं ठेवला. "पडलेलं समदं ह्यात हाय साहेब. काय गेलं न्हाई."

त्यांनी झाकण काढलं. लाल भुकटी, कपच्या, पापुद्रे, तळाशी अगदी सुरुवातीचे तुकडे. ते डब्यात बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रागानं. ते हसत होते. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. "अरे, झिजायचंच ते," ते म्हणाले. "विटा झिजायच्याच. तू काय त्यांना परत चिकटवणार होतास?"

"ह्यो सगला राखतंय सायब," मावशी म्हणाली. "भुगापन राखतंय. करंजी घ्या."

साहेबांनी करंजी घेतली. उभ्या उभ्या खाल्ली आणि दुसरीही घेतली. मग सगळेच पुलाच्या कडेला येऊन पाण्याकडं बघायला लागले. पाणी कमानीत चढत चढत गेलं, शिंपल्यांची रेघ बुडाली, तिच्यावरच्या विटा बुडाल्या, आणि मग ते थांबलं. ना आत, ना बाहेर. गाणंही थांबलं होतं. भरलेल्या कालव्यावर ढगांचं आभाळ उताणं पडलं होतं, त्यात पुलाची लाल कड, आणि कडेला आमची सगळ्यांची डोकी ओळीनं. साहेबांची छत्री, मावशीच्या डोईतली फुलं, आणि मी. माझं डोकं त्या ओळीत आहे हे मी पुन्हा पुन्हा बघून घेतलं. मग एक काडी हळूच खाडीकडं निघाली. पाणी फिरलं.

"राहू दे याला," जाताना साहेब म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही. पण दिवाळीनंतर मला कायम केल्याचं समजलं. आईला कळवलं. पिशवी मी त्याच दिवशी रिकामी केली होती, पुनवेच्या.

निघताना मावशी म्हणाली होती, "राखन खाल्लीस. आता तुना जाता नाय येयाचा हां." चेष्टाच होती. पण पुढं कितीदा गावच्या आठवणीनं जीव कासावीस झाला, एसटीच्या वेळा विचारून आलो, आणि दरवेळी ते वाक्य आडवं आलं. दरवर्षी राखण माझ्या पानात पडत राहिली. शिट्टीवर शेंदराचा थर चढला. ती आता नीट वाजत नाही.

त्या थरासारखंच पुलाच्या खांबांवर कालवांवर कालवं चढली. कुणी फोडत नाही म्हणून. एकदा मावशी बांधावर बसून पायाला हळद लावत होती तेव्हा मी तिच्या नडग्या पाहिल्या. जुने वण, नवे वण, एकमेकांत गुंतलेले. खाडीच्या तोंडाचे खडक धारेचे आहेत आणि तिथं लाट पायाखालून दगड ओढते. पुलाच्या खांबाशी नुसतं चिखलात उभं राहून होणारं काम ती माझ्यामुळं इतकी वर्षं त्या खडकांवर करत होती. मी तसं बोललो तर म्हणाली, "तिकरची कालवां गोड असतान." असतीलही. मी दोन्हीकडची खाऊन पाहिलेली नाहीत, त्यामुळं खोटं म्हणता येत नाही.

तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली, तीही मागितल्यासारखी नाही. एकदा विचारलं, "तुमच्याकरं पानी येतं-जातं का रं?"

"न्हाई मावशी. एकदा गेलं की गेलं."

"मग तिकरं राखनदार कशाला?"

"शेताला असतो. ज्वारीवर पाखरं येतात, ती हाकायला. गोफण असती त्याच्याकडं." मग मी तिला हुरड्याचं सांगितलं. पौषातली कोवळी कणसं, शेणकुटांच्या आरात भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारली की हिरवे दाणे तळहातावर राहतात. ती पाटी खाली ठेवून ऐकत होती. "पानी जात-येत नाय असा गाव एकदा बघाला पायजे," ती म्हणाली. "नि ते हिरवे दाने."

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी तिला चल म्हणतो. आणि दर हिवाळ्यात ती म्हणते, आता मासली जोरात हाय, पुढल्या साली येन. आता पुलापलीकडं खरंच शहर झालंय, मिठागरांतल्या निम्म्या राशी गेल्या, मावशीचा चालण्याचा वेगही गेला, आणि मला धास्ती लागून राहते की पुढचं साल पुढंच जात राहील.

पण नेणार आहे मी तिला. बांधावर घोंगडी अंथरून बसवीन. आई आर पेटवील, मी कणसं चोळीन, पहिला हात मावशीचा. आईनं पाण्याचा तांब्या तिच्या हातात द्यायचा, उंच धरायचा नाही, हे सांगावं लागणार नाही. आणि तिनं शेंदराची डबी आणलीच बरोबर, तर माझी गोफण मी तिच्यापुढं धरीन. तिच्या पानावरची इतकी राखण मी खाल्ली. एक दिवस माझ्या शेतात ती खाईल, पोटभर, आणि मी उभा राहून पाखरं हाकीन.